पोटावरची नवी वाट

मुंबई, ८ फेब्रुवारी १९६६

प्रिय तानू,

वडनेरले सगळे मजेत असान, असं धरूनच लिहून राह्यलो. ऑपरेशन झालं. आतड्यातली कॅन्सरची गाठ पुरी निघाली. डॉक्टरीणबाईनं तिचा काठ सूक्ष्मदर्शकाखाली तपासला न् म्हणाल्या, "काठ साफ आहे, उकंडराव!" मी हट्ट केला तवा मलेही दाखवला. गाठीत ज्वारीच्या कणसावानी दाटलेले जांभळे ठिपके होते, काठावर तशी दाटी नव्हती.

एक सांगायचं राहिलं. संडासची खालची वाट बंद करून पोटावर नवी केली आहे, कायमची. तिथं पिशवी बांधा लागते. पहिल्यांदा पाहिलं तवा मी दिवसभर तोंडावर चादर घेऊन पडलो. शेजारच्या खाटेवर मेहकरचा मेहबूब शिंपी आहे, तपासणीले आलेला. त्यानं सदरा वर करून स्वतःची पिशवी दाखवली. "भाऊ, हे घेऊन मी पोरीच्या शादीत नाचलो ना!" मले इतकं हसू आलं का टाके दुखले.

आता पोळी खातो, व्हरांड्यात फिरतो. म्हैस व्याली का? मायच्या खोकल्याची दवाई चालू आहे ना?

तुले किळस तर नाही येनार? खरं लिहजो.

होळीच्या आधी सोडतीन म्हणतात. नांदुऱ्याच्या स्टेशनवर मले घ्याले तूच येजो, दुसरं कोणी नको.

तुहाच,
उकंडराव