खिळ्यावरची रोटी

कोकंद, १० मार्च

हमदम अका,

सलाम. आपण कधी भेटलो नाही, पण तुमच्या धाकट्या भावाची, शुहरतची, बायको मुअत्तर ती मीच. इथे जर्दाळूला फुलं आलीयत. आमच्या धाकटीला दोन दात आलेत आणि ते ती घरातल्या प्रत्येकावर चालवून बघते. फोनवर तुम्ही "सगळे बरे ना?" विचारता आणि मी "हो" म्हणून मोकळी होते. कागदावर तसं सुटता येत नाही, म्हणून हे पत्र. शेजारच्या मुक्कद्दम खाला परवा लेकीकडे रशियात, तुमच्याच कझानला निघाल्यात, त्यांच्या हाती देतेय.

मोठी बातमी म्हणजे आम्ही पाहुण्यांची खोली रिकामी केली. हसू नका! भिंतीशी रचलेली ती छतापर्यंतची गोधड्यांची चळत आठवते ना? आम्ही पाच जण मागच्या दोन खोल्यांत एकमेकांच्या पायावर पाय देत राहायचं आणि घरातली सगळ्यांत उजेडाची खोली मात्र न आलेल्या पाहुण्यांची. माझ्या सासूबाई, तुमच्या ओयी, मध्यभागी खुर्ची टाकून बसल्या.

"ही माझ्या नणंदेनं शिवली. टाके बघ, बाई किती तापट होती ते कळेल."

"मग देऊन टाकू?"

"खबरदार! तिच्याशी भांडायला आता दुसरं काय उरलंय माझ्याकडे?"

असं करत करत बेचाळीसातल्या सव्वीस गेल्या. तीन दिवस लागले. नंतर तर ओयी स्वतःच गल्लीतल्या बायकांना हाक मारून वाटत होत्या.

तुमचंही बरंच सामान निघालं. एक वाकडी फळी आणि वहीच्या पाठीवर काढलेले मिशीवाले गुरुजी. लग्न होऊन आले तेव्हा तुमची खोली आम्हाला मिळाली. सहा वर्षं तिथे सुखानं राहिले, पण तुमचे आभार मानायचे राहूनच गेले. आज मानते, अगदी मनापासून. फळी टाकायला ओयींनी साफ नकार दिला. तिच्यावर आता औषधं ठेवलीयत. कुणाची ते सांगतेच, पण आधी माझा गुन्हा.

चळतीमागच्या कोनाड्यात एक कापडी पिशवी होती, आत वाळक्या रोटीचे तुकडे. उंदरांनी हात मारलेला. रोटी काही फेकत नाही आपण, म्हणून मी ते तुकडे भिजवले आणि मुक्कद्दम खालांच्या गाईला घातले. संध्याकाळी ओयींनी कोनाडा चाचपला आणि त्यांचा चेहरा पडला.

"पिशवी कुठाय?"

मी सांगितलं. त्या हळूच खाली बसल्या. "हमदमची होती गं ती."

निघताना तुम्ही एक घास तोडलेली रोटी, अका, फौजेत किंवा दूरदेशी जाणाऱ्याकडून तोडून घेतात तशी. उरलेली खिळ्याला टांगलेली, ती तुम्ही परत येऊन संपवायची होती. बाबा गेल्यावर घराला चुना दिला तेव्हा ओयींनी ती खिळ्यावरून उतरवून ठेवली होती, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. तुमची परतीची वाटच मी गाईला खाऊ घातली, असं वाटून मी ढसाढसा रडले.

"रडतेस काय वेडे! नऊ वर्षं त्या रोटीला तो आणता आला नाही. गाय निदान दूध तरी देईल."

आणि उठून माझ्यासाठी चहा त्यांनीच टाकला. दुसरी सासू असती तर मला माहेरची वाट दाखवली असती. ही बाई मला मिळाली, याबद्दल अल्लाचे किती आभार मानू! चहा ओतताना एवढंच म्हणाल्या, "बापाच्या मातीला येता आलं नाही म्हणून तोंड लपवतो. मी रागावले असते, तर उंदरांपासून तुकडे जपत बसले असते का?"

हे तुमच्यापर्यंत पोचवायचं होतं. आता दुसरं, जे लिहू नकोस अशी मला ताकीद आहे. सासूचं मी पहिल्यांदाच मोडतेय. खोली पाहुण्यांसाठी नाही आवरली. ओयींच्या हृदयाची झडप खराब झालीय. ऑपरेशननंतर धूळ नको, जमिनीवर झोपणं नको, म्हणून तिथे पलंग लावलाय. काल शुहरत त्यांना ताश्कंदला घेऊन गेले. आधी साखर खाली आणतील, मग सव्वीस तारखेला ऑपरेशन.

काल सकाळी निघण्याआधी त्यांनी मला तंदूर पेटवायला लावला. पीठ स्वतः मळलं. पहिली रोटी निघाली तशी फुंकर मारून एक घास तोडला आणि उरलेली माझ्या हातात दिली. "हमदमच्या खिळ्याला टांग."

शुहरत म्हणाले, "ओयी, तू काय फौजेत चाललीयस?"

"परत यायचंय ना मला? मग! आणि एवढी रोटी एकटीनं कशी संपवू? दात किती उरलेत माझे?"

खोली आता लख्ख आहे. पलंगाशेजारी खाली तुमची निळ्या पट्ट्यांची गोधडी घातलीय. ती वाटायची नाही असं ओयींनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. रोटी तुमच्याच खिळ्याला, पण दोरी आखूड करून जरा उंच टांगलीय, धाकटीचे दात पोचू नयेत म्हणून.

आज हात लावून पाहिला, अजून मऊ आहे.

तुमच्या खोलीत राहणारी,
तुमची भावजय
मुअत्तर