तुरी न्हाई म्हणते

४ डिसेंबर, हसनाबाद

शेळीचे कान परत बिघडले! कागदावर ससाच होऊन बसला. शेवटी चित्रवही उचलली आणि शेजारच्या गोपिकामावशींच्या अंगणात जाऊन बसले. त्यांची शेळी तुरी, तीच माझ्या पुस्तकातली तुरी. धरायला गेलं की हातावर तुरी देऊन पळते, म्हणून हे नाव. आजही पळाली. जाताना माझा खोडरबर खाऊन गेली.

मावशी म्हणाल्या, "तुझं चित्र तिला पटलं न्हाई वाटतं."

७ डिसेंबर

शेवटचं पान रंगवून झालं! इतकी वर्षं दुसऱ्यांच्या गोष्टींना चित्रं काढली. ही पहिली, जिच्यात शब्दही माझेच. गोष्ट एवढीशी — तुरीला कुणी काहीही सांगो, ती मान वर करून म्हणते, "न्हाईऽऽ." घरी चल — न्हाईऽऽ. गप बस — न्हाईऽऽ. सगळं पुण्याला पाठवून दिलं.

११ डिसेंबर

पुण्याहून संपादक मोनिकाताईंचा फोन. चित्रं फार आवडली म्हणे. फक्त एक बारीकशी गोष्ट — "न्हाई"चं सगळीकडे "नाही" करू. "शहरातल्या मुलांना वाटेल, शेळी न्हायला निघाली."

मी म्हणाले, "चालेल."

चालेल! फोन ठेवल्यावर आरशासमोर "नाही" म्हणून पाहिलं. मधेच तुटतं. "न्हाई" कसं एका दमात ओरडता येतं, शेळीसारखं. तो शब्द गेला तर माझी गोष्टच गेली. रडू आलं. मग पोहे केले.

१२ डिसेंबर

मावशींना सांगितलं. त्या तुरीचं दावं सोडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुलाच कुणाला न्हाई म्हणता येत न्हाई. मंग तुझ्या शेळीला कुठून येईल?"

लागलं. पण खरंय. अख्ख्या गावाच्या लग्नपत्रिकांवरचे मोर, वाढदिवसाचे बॅनर, पोरींच्या प्रोजेक्टमधली फुलपाखरं — माझं आपलं सगळ्यांना "चालेल"!

१६ डिसेंबर

भोकरदनला एका शाळेत गोष्ट वाचायला गेले होते. मुद्दामच आधी "नाही" वाचलं. मुलं शहाण्यासारखी हाताची घडी घालून ऐकत बसली. मग तीच गोष्ट "न्हाईऽऽ" म्हणत वाचली. वर्गाचा कळप झाला! पहिल्या बाकावरची एक चिमुरडी तर बाकावरच चढली. वर्गशिक्षक मच्छिंद्र सर म्हणाले, "चला, आता पाढे म्हणा." अख्खा वर्ग — "न्हाईऽऽ!"

सर कपाळाला हात लावून हसत होते. "म्याडम, आम्ही सालभर ह्यांचं 'नाही' बराबर करून राह्यलो. तुम्ही एका तासात पाणी फिरवलं."

निघताना म्हणाले, शाळेच्या भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा काढून द्या की, मोठा, जिल्ह्यांसकट. मी काय म्हणाले असेन?

बसमध्ये स्वतःवरच चिडले. पण येईपर्यंत सगळ्या रस्त्यानं हसू येत होतं.

१७ डिसेंबर

उद्या पुस्तक छापायला जाणार. "नाही" घेऊन. ब्रश धुतले, दुसरं काहीच सुचलं नाही.

१८ डिसेंबर

सकाळी मोनिकाताईंचा फोन. "सगळीकडे 'नाही' केलंय. पाठवू ना छापायला?"

"न्हाई," मी म्हणाले.

आपसूक आलं. चांगलं लांबलचक.

मग मोनिकाताई म्हणाल्या, "हे तुम्ही बोललात की तुरी?"

"दोघी."

त्या हसतच सुटल्या. म्हणाल्या, "अहो, हे असं म्हणायचं असतं होय? मी आपली मनातल्या मनात वाचत होते. राहू द्या. 'न्हाई'च राहू द्या."

आता मच्छिंद्र सरांना फोन लावते. नकाशाचं सांगायचंय.