ह्यांचं नूडल्सबंदीचं फर्मान

मंगळवार, १२ जुलै १९९४
अंबरनाथ पूर्व

आजपासून घरात पाकिटातले नूडल्स बंद, असं ह्यांनी सकाळी फर्मान काढलं. मुलांची पोटं बिघडतात, हे खरंच. पण डबे करायला कोण उठणार? मीही ऑफिसला जातेच ना?

संध्याकाळी घरी आले, तर मोरिवलीच्या कारखान्यातून लवकर सुटलेले आमचे साहेब ओट्याशी उभ्याने नूडल्सच खात होते! मिशीला पिवळा मसाला.

"अगं, शेवटचंच पाकीट होतं."

लाज नाही. मिशीसुद्धा पुसली नाही.

मी परात पुढे सरकवली. "आता कणीक मळा."

चपात्या वातड झाल्या. मुलं हसत जेवली. कौतुकाचा एक शब्द मी काढला नाही.

झोपताना, बारा वर्षांत पहिल्यांदाच, ह्यांनी विचारलं, "गजर कितीचा लावू?"

"साडेपाचचा," म्हटलं आणि कूस बदलली.