सहा महिने मुदत शिल्लक हवी

२ मार्च, सोमवार. सकाळी १०.२०
आजपासून रोजनिशी. बोलण्यालायक माणूस उरलेला नाही, म्हणून.

जगाचा वीट आला आहे. एकतीस वर्षं ट्रॅव्हल एजन्सी चालवतोय. सकाळपासून एकच गिऱ्हाईक. तेही नव्हतंच. पार्सल कुठे मिळतं, असं विचारायला आलं होतं. शेजारच्या झेरॉक्सवाल्याने अर्धं दुकान पार्सलांना दिलंय. जगाच्या दुसऱ्या टोकाहून आलेल्या चपला आणि चार्जर तिथे पोत्यात पडलेले असतात. लोक रांगा लावून ते नेतात. किळस.

तिकिटंही मोबाइलवर. ज्या बोटाने नाक खाजवायचं, त्याच बोटाने विमान. शी.

निश्चय: (१) 'ॲप' हा शब्द उच्चारणार नाही. (२) मोबाइलच्या काचेला बोट लावणार नाही. फोन करायचा तर ऑफिसातला, बटणांचा. (३) धंद्याची शिस्त सोडणार नाही.

त्याच दिवशी, दुपारी ४
मुलीचा फोन. परदेशात असते. बाळंतपणाची तारीख दहा एप्रिल. जावयाला आठच दिवस रजा. आई हवीच, आणि बाबा, या वेळी तुम्हीही या, म्हणाली. सहा वर्षं बोलावतेय. पण धंदा टाकून जाणार कोण? अर्ध्या गावाला विमानात बसवलं, स्वतः एकदाही पायरी चढलो नाही. याला निष्ठा म्हणतात.

या वेळी येतो म्हणालो. शब्द दिला. फोनवर रडली जरा.

मग म्हणते, तिकिटं मी इथून काढते, दोन मिनिटांचं काम आहे. माझ्या मुलीने हे म्हणावं! सोनारानेच कान टोचावेत. स्पष्ट नाही म्हणून सांगितलं.

३ मार्च, मंगळवार
विमान कंपनीतल्या माझ्या माणसाला फोन. जुनी ओळख. एक शब्द टाकला की खिडकीची सीट. फोन मशीनने उचलला. एक दाबा, दोन दाबा. दाबलं. बावीस मिनिटं बासरी. शेवटी एक बाई बोलली. ते साहेब नऊ वर्षांपूर्वी रिटायर झाले म्हणे. नऊ वर्षांत मला एकदा कळवू नये? माणुसकी संपली.

६ मार्च, शुक्रवार
माझ्याकडच्या बाईंनी राजीनामा दिला. एकोणीस वर्षं काउंटर सांभाळला. आता घरी बसून परदेशी कंपनीचं काम करणार. कोणती कंपनी? तीच, मोबाइलवर तिकिटं विकणारी! अडलेल्या गिऱ्हाइकांना बाई उत्तरं टाइप करणार. पगार दुप्पट. तिळपापड झाला माझा.

जाताना म्हणाल्या, साहेब, परदेशी निघताय तर तुमचा पासपोर्ट एकदा काढून बघा. गुरूची विद्या गुरूला! मी नुसता अंगठा खांद्यावरून मागे दाखवला, पाटीकडे. माझ्या खुर्चीमागे लाल रंगात मी स्वतः रंगवलेली पाटी आहे, बरोबर गिऱ्हाइकाच्या तोंडासमोर: 'प्रवासाच्या दिवशी पासपोर्टला सहा महिने मुदत शिल्लक हवी. नंतर रडू नये.' शेवटचं वाक्य माझं. नियमात नाही. पण त्याच्यामुळेच लोकांच्या लक्षात राहतं.

१० मार्च, मंगळवार
बायको रोज विचारते, तिकिटांचं काय. तिला धंद्यातलं मर्म सांगितलं. भाडं मंगळवारी दुपारी उतरतं. आज मंगळवार. थांबलो. चढलं.

हा त्यांचा डाव आहे. पुढच्या मंगळवारी थकतील.

१७ मार्च, मंगळवार. दुपारी ३
आणखी चढलं. कुठल्या तरी दोन देशांचं भांडण, त्यात मधलं आकाशच बंद. विमानं लांबून वळसा घालतात, तेल जास्त जातं आणि भुर्दंड आम्हाला. भांडायला जमिनी पुरेनात, आता आकाशाला कुंपण घालतात. ओकारी येते असल्या जगाची.

मंगळवारचं तत्त्व मात्र चुकलेलं नाही. मंगळवार चुकतायत.

२० मार्च, शुक्रवार
बायको मोबाइलवरून तिकडची भाषा शिकते. भाजी चिरता चिरता मोबाइलशी बोलते. मोबाइल शाबास म्हणतो. चौदा वाक्यं झाली. एकाचा अर्थ विचारला. 'माझी मुलगी आत आहे, मला आत जाऊ द्या.' मी म्हणालो, इस्पितळात असं ओरडायची वेळ येणार नाही, मी असेन ना बरोबर. तिने काकडी घेतली चिरायला.

२४ मार्च, मंगळवार. सकाळी ९.४०
घात झाला. मी दाढी करत होतो, तेवढ्यात बायकोने दोन्ही तिकिटं काढली. दोन एप्रिलची. कुकरच्या तीन शिट्ट्या होईतो संपलं. एकतीस वर्षांच्या धंद्याला तीन शिट्ट्या!

बाथरूमच्या दाराशी येऊन तिने पासपोर्टची मुदत विचारली होती. भरपूर आहे, म्हणालो. कोराच्या कोरा पासपोर्ट, वापरलेलाच नाही, संपेल कसा? दाखवा म्हणाली. ऑफिसच्या तिजोरीत आहे म्हणालो. मग तिने तो रकाना नंतर भरायला ठेवला. काहीतरी लाल अक्षरांत येतंय म्हणाली. असल्या सूचना अडाण्यांसाठी असतात. दाब पुढे, म्हणालो.

व्हिसाचंही विचारलं मी. तो म्हणे आता तिथे उतरल्यावर मिळतो. म्हणजे फॉर्म भरून देण्याचा धंदाही गेला.

३१ मार्च, मंगळवार
बायको म्हणते, चेक-इन घरूनच होतं, फक्त पासपोर्टचा फोटो काढून टाकायचा. साफ नकार. माझा पासपोर्ट त्या यंत्राच्या घशात घालणार नाही. माणसासमोर ताठ उभं राहून बोर्डिंग पास घेणार. काही शिस्त आहे की नाही? तिने स्वतःचं तेवढं उरकलं.

आज भाडं उतरलं. बघा! तिला सांगितलं. ऐकूनही घेतलं नाही.

२ एप्रिल, गुरुवार. विमानतळ
पहिल्यांदा आत आलो. किळसवाणी जागा. माणसं कमी, यंत्रं फार. सगळे यंत्रांपुढे माना घालून उभे. मीही पासपोर्ट दाखवला. यंत्र म्हणालं, कर्मचाऱ्याला भेटा. मनातून आनंद झाला. शेवटी माणूसच लागतो!

काउंटरवरची मुलगी माझ्या चपलांपेक्षा वयाने लहान असेल. पासपोर्ट उघडला, मिटला, पुन्हा उघडला. एकोणीस ऑगस्टला संपतोय, साडेचार महिनेच उरलेत म्हणाली. तिकडचे लोक सहा मागतात. तुम्हाला बसवता येणार नाही.

मी तिला सांगितलं, मी एकतीस वर्षं याच धंद्यात आहे.

मग तुम्हाला नियम ठाऊकच असेल, म्हणाली.

मागून कोणीतरी हसलं. बायको हसली नाही. तेच वाईट. तिने घड्याळ बघितलं आणि माझ्या बॅगेतली बाळाची दुपटी काढून स्वतःच्या पिशवीत कोंबली. दूध बंद केलंय ते चालू करा, म्हणाली. आणि घराची किल्ली झेरॉक्सवाल्याकडे आहे.

गेली. सरकत्या जिन्यावर एकदा पाय अडखळला, मग चढली. मागे वळेल असं वाटलं होतं.

३ एप्रिल, शुक्रवार
एका परीने बरंच झालं. धंदा बघायला कोणीतरी हवंच होतं. दिवसभरात गिऱ्हाईक: शून्य. पार्सल विचारणारे: सात.

९ एप्रिल, गुरुवार. दुपारी २.१५
नात झाली. एक दिवस आधी. दोघी सुखरूप.

मोबाइल वाजत होता. काचेला बोट लावल्याशिवाय चित्र दिसेना. लावलं. बायको दिसली, हातात ते गुंडाळलेलं. नर्स दारात अडवत होती म्हणे, तेव्हा ते वाक्य कामी आलं. मुलगी झोपेतच म्हणाली, बाबा कुठायत? बायकोने मोबाइल तिच्याकडे फिरवला आणि सांगितलं, हे काय, इथे. मी चष्मा पुसला. नेटवर्क खराब होतं.

११ एप्रिल, शनिवार. सकाळी ११
नवा पासपोर्ट. अर्ज मोबाइलवरच. तीनदा भरला, तीनदा उडाला. शेवटी बाईंना फोन केला. त्यांची ड्यूटी संपत आली होती. तरी न हसता एकेक रकाना सांगितला. दहा मिनिटांत झालं. पासपोर्ट ऑफिसात जायची तारीख जूनची मिळाली. तोवर नात पालथी पडायला लागेल.

फोन ठेवताना बाई म्हणाल्या, साहेब, ती पाटी आहे ना अजून?

बघून सांगतो म्हणालो. मान वळवून दिसेना. उठून टेबलाला वळसा घातला आणि समोरच्या खुर्चीत बसलो, गिऱ्हाइकाच्या. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. खुर्चीचा एक पाय डुगडुगतो. कोणी कधी बोललं नाही.

पाटी आहे. रंग उडालेला नाही. अक्षर ठसठशीत, चष्म्याशिवाय वाचता येतं. वरचं वाक्य बरोबर आहे. खालचं, माझं, आज पाळता आलं नाही.