शलाका-३ येईपर्यंत

११ फेब्रुवारी १९९६, रविवार

आजपासून रोज लिहायचं. उद्या कोणी विचारलं की खान्देशात व्यावसायिक कॉम्प्युटरवाल्यांची चळवळ कुठून सुरू झाली, तर लेखी पुरावा पाहिजे.

'शलाका वापरकर्ता मंडळ, खान्देश विभाग' आज माझ्या प्रेसमध्ये स्थापन झालं. अध्यक्ष मी, एकमतानं. उपस्थिती तीन. धुळ्याहून गिरधर आला होता, तो क्लासवाल्यांच्या प्रश्नपत्रिका काढतो. तिसरे अभयकुमार, कापड दुकानवाले, शलाका कॉम्प्युटरवर माल किती शिल्लक ते बघतात.

विषय गंभीर. पुण्याची शलाका कंपनी आम्हा व्यावसायिकांसाठीचं नवं मशीन, शलाका-३, बाजूला ठेवून मुलांसाठी 'शलाका बालमित्र' काढतेय. रंगीत पडदा, गेम, पाढे. पेपरात जाहिरात आली आहे. आम्ही सात वर्षं काळ्या-हिरव्या पडद्यावर डोळे फोडून लग्नपत्रिका जुळवल्या आणि आता कंपनीला पोरांना माकडं उड्या मारताना दाखवायची आहेत.

अभयकुमार म्हणाले, नाना, दोन जिल्ह्यांत प्रेसवाले किती आणि शाळेत जाणारी पोरं किती? कंपनीनं धंदा करायचा की तुमची सेवा? मी म्हटलं, ज्यांच्या जिवावर उभं राहायचं त्यांनाच विसरायचं, याला धंदा म्हणत नाहीत, कृतघ्नपणा म्हणतात. गिरधरनं टाळ्या वाजवल्या. मग भरीत-पुरी.

ठराव: कंपनीला दर पंधरा दिवसांनी पत्र.

१४ फेब्रुवारी

पत्र क्र. १ रवाना. 'सात वर्षं इमानेइतबारे आपल्याबरोबर राहिलेल्या माणसाला साधी विचारपूसही नसावी?' हे वाक्य वाचून मलाच भरून आलं. बायकोला, प्रमिलाला, वाचून दाखवलं. ती म्हणाली, छान आहे, आणि भाजी निवडायला गेली. बायकांना तांत्रिक विषय कळत नाहीत.

२ मार्च, दुपार

मशीनमधून टिक टिक आवाज. मशीन बंद असतानासुद्धा.

हिलाल आबा छपाईचे शिशाचे खिळे जुळवायचे तेव्हा हुबेहूब असाच आवाज यायचा. खणातून खिळा उचलायचा, हातातल्या स्टिकच्या पट्टीत ठेवायचा, टिक. बावीस वर्षं ते माझ्याकडे जुळारी होते. पण आबा गेल्या ज्येष्ठात वारले आणि खिळे तर मशीन आलं त्याच वर्षी भंगारात दिले. त्यामुळे हा आवाज हार्ड डिस्कचा आहे. पत्र क्र. २ मध्ये घेणे.

९ मार्च

पहूरची पार्टी सकाळी सकाळी दारात. चारशेतल्या उरलेल्या पत्रिका टेबलावर आपटल्या. निमंत्रकांच्या यादीत सगळे पाटील, आणि शेवटी 'हिलाल वना बडगुजर'.

पाटील म्हणाले, हा बडगुजर कोण? आमच्या भाऊबंदांत आधीच वाटणीवरून बोलाचाली बंद आहेत. गावात चर्चा सुरू झाली की हा नवीन वाटेकरी कुठून उपटला. म्हातारे चुलते तर पत्रिका घेऊन तलाठ्याकडे गेले होते.

मी शांत राहिलो. म्हटलं, भाऊ, ही कंपनीची चूक आहे, जुना मजकूर मशीनमध्ये चिकटून राहतो. पाटलांनी दुसऱ्या प्रेसकडून छापून घेतलं. जाऊ दे. शलाका-३ आलं की तेच परत येतील.

पत्र क्र. २ कडक भाषेत.

१७ मार्च

वस्तुस्थिती नोंदवून ठेवतो, म्हणजे गैरसमज नको. मी हिलाल आबांना काढलं नव्हतं. आराम दिला होता. मशीन आल्यावर त्यांना कामच नव्हतं. तरी ते पाच वर्षं रोज दहाला यायचे, खिडकीजवळच्या स्टुलावर बसायचे, संध्याकाळी घरी जायचे. मी कधी नको म्हटलं नाही. चहा द्यायचो. बहुतेक वेळा.

एक राहिलं. त्यांनी शेवटची पत्रिका जुळवली तेव्हा म्हणाले होते, नाना, तळाशी बारीक टायपात मनं नाव टाकू का? बावीस वरीस व्हयनात. मी म्हटलं, तुमचं नाव गिऱ्हाइकाला आवडणार नाही, पुढच्या वेळी बघू. पुढची पत्रिका मशीनवर निघाली. यात माझा काय दोष?

स्टूल आतल्या खोलीत ठेवलं.

३१ मार्च, रविवार

मंडळाची दुसरी बैठक. अभयकुमारांनी बालमित्र बुक केलं! नातवासाठी. मी त्यांना फितूर म्हटलं. ते हसून म्हणाले, नाना, कंपनी तुम्हाला विसरली नाही, तुम्ही तिच्या हिशेबात बसत नाही एवढंच. आबांना घरी बसवलं तेव्हा तुम्हीही धंदाच बघितला ना?

विषयांतर. इतिवृत्तात घेतलं नाही.

६ एप्रिल

दोंडाईचाच्या ज्ञानचंदजींकडची पत्रिका. मोठं मारवाडी घर, सोनेरी काठ, गुळगुळीत कागद. मी तीनदा तपासली. शपथेवर लिहितो, तीनदा. आज फोन आला. काका-बाबांच्या नावांत 'हिलाल वना बडगुजर'. ज्ञानचंदजींच्या पत्नी चंदनबाई म्हणे आठवडाभर विचार करतायत की आपल्याकडे हा कोण.

मशीनमध्ये शोधलं. मूळ मजकुरात नाव होतं. स्वच्छ, एका ओळीत, बरोबर मध्यभागी. मी ते घातलेलं नाही.

टिक टिक आता सकाळीही.

स्टूल खिडकीशी परत आलं होतं. प्रमिला म्हणाली, झाडताना तिनं ठेवलं असेल. असेल म्हणजे काय? आठवत नाही का?

७ एप्रिल

पत्र क्र. ४. मागणी स्पष्ट केली. व्यावसायिकांना 'शोधा-पुसा' सोय पाहिजे. एखादा शब्द एकदा सांगून ठेवला की छपाईआधी मशीननं तो कुठेही असला तरी आपोआप काढावा, कायमचा. आणि सूचना देणाऱ्याचं नाव कंपनीच्या माहितीपुस्तिकेत छापावं: रुपचंद वाणी, जळगाव. सात वर्षांनंतर माणसाची एवढी अपेक्षा असणारच.

२० एप्रिल, आखाजी (अक्षय तृतीया)

लग्नांची गर्दी आणि माझ्याकडे दोनच कामं. बाजारात बातमी पसरली आहे. लोक म्हणतात, वाण्यांच्या प्रेसमध्ये मेलेला माणूस आमंत्रण देतो.

सकारात्मक विचार: नाव सगळ्यांच्या तोंडी आहे. माझ्या प्रेसचं.

२८ एप्रिल, रविवार

गिरधर धुळ्याहून मुद्दाम आला. म्हणाला, नाना, तुम्ही जुळवा, मी मागे बसून बघतो, चूक मशीनची असेल तर सापडेल. शिरपूरच्या पार्टीची पत्रिका घेतली. चिठ्ठी समोर. मी नेहमीसारखं टाइप केलं. एकदम छान हात चालला होता.

थांबलो तर गिरधर पांढरा पडलेला. हळू आवाजात म्हणाला, नाना, चिठ्ठीवर अकरा नावं होती. बारावं तुम्ही टाइप केलं. स्वतः. चिठ्ठीकडे बघत नव्हता, खिडकीकडे बघत होता.

पडद्यावर बघितलं. होतं.

मी म्हटलं, गिरधर, तुला धुळ्याच्या मशीनची सवय, इथला कीबोर्ड वेगळा आहे. तो चहा न घेता चारच्या गाडीनं गेला.

गिरधरचं अध्यक्षपदाकडे लक्ष असावं.

२९ एप्रिल

हात बघितले. हात ठीक आहेत.

संकल्प: खिडकीकडे पाठ करून बसायचं.

३ मे

पाठ करून बसलो. मान दुखते. कोणीतरी मागून वाचत असल्यासारखं वाटतं. आबा असेच खांद्यावरून वाचायचे, चूक दिसली की बोलायचे नाहीत, नुसतं खाकरायचे.

आज कोणीतरी खाकरलं. खरंच एक चूक होती. दुरुस्त केली.

१४ मे, दुपारी बारा

विजय! पुण्याहून पार्सल. नवीन फ्लॉपी, तीत 'शोधा-पुसा'! सोबत छापील माहितीपुस्तिका. चळवळीचं पहिलं यश. अभयकुमारांच्या दुकानात जाऊन गिऱ्हाइकांसमोर पेढे वाटले.

दुपारी तीन

पुस्तिका वाचली. पान सहा: 'ही सोय जळगावच्या एका ग्राहकाच्या सूचनेवरून.'

एका ग्राहकाच्या.

नाव लिहायला शाई जास्त लागली असती? सहा पत्रं लिहिली, प्रत्येकावर खाली नाव होतं, ठळक. जेवलो नाही. माणसानं आयुष्य घालवायचं आणि शेवटी 'एक'. प्रमिला म्हणाली, एवढं काय मनाला लावून घेता? तिला नाही कळणार. ज्याचं नाव राहून जातं त्यालाच ते कळतं.

१६ मे

शोधा-पुसा चालू केलं. मशीननं विचारलं, कोणता मजकूर? टाइप केलं: हिलाल वना बडगुजर. 'नक्की?' हो. 'नेहमीसाठी?' हो.

शिरपूरची पत्रिका काढली. स्वच्छ. बारावं नाव नाही.

आबा, आता तुम्हीही आराम करा.

२२ मे

सहा दिवस टिक टिक नाही, खाकरणं नाही. कामं परत येऊ लागली. दुपारी प्रेसमध्ये फार शांत वाटतं. आज दोन वेळा उगीच मागे वळून बघितलं. सवय, दुसरं काही नाही.

१ जून, शनिवार

कमलअक्का आल्या, हिलाल आबांच्या पत्नी. गेल्या वर्षी अंत्ययात्रेनंतर त्यांच्याकडे जायचं राहूनच गेलं होतं. सीझन होता. मी जरा दचकलो.

त्यांनी पिशवीतून पहूरची आणि दोंडाईचाची पत्रिका काढली. नीट घडी घालून प्लास्टिकमध्ये ठेवलेल्या. म्हणाल्या, लोके म्हनतस, नाना दर पत्रिकामा तुमना मानूसनं नाव टाकतस. दुसरं कोन इतलं करस? तुमले याद शे त्यासनी.

मला आबांची आठवण आहे म्हणून डोळे पुसत होत्या. त्यांचा गैरसमज दूर करणं क्रूरपणा झाला असता. मी म्हटलं, अक्का, माझं कर्तव्यच होतं. म्हणताना खरं वाटलं. अजूनही थोडं वाटतंय.

आबांचं वर्षश्राद्ध नऊ तारखेला, शिरपूरला, लेक कुंदाबाईच्या घरी. त्याची शंभर कार्डं पाहिजेत. मी म्हटलं, माझ्याकडून. प्रूफ बघायला यायची गरज नाही, आबांचं काम मी स्वतः जुळवणार आणि थेट शिरपूरला पोचवणार.

४ जून

आबांचं कार्ड केलं. मजकूर मीच लिहिला, काळा काठ. यावेळी नाव मी बघून, जाणूनबुजून टाइप केलं. खूप दिवसांनी झालेलं मनासारखं काम. प्रिंट देऊन लगेच बाहेर पडलो, मंडळाच्या तिसऱ्या बैठकीचं निमंत्रण द्यायचं होतं. संध्याकाळी गठ्ठा बांधला आणि शिरपूरच्या एसटीत कंडक्टरकडे दिला.

कंपनीला पत्र क्र. ७ मनात तयार आहे. विषय: पुस्तिकेतील अक्षम्य त्रुटी.

८ जून, शनिवार

अकराला कमलअक्का आल्या. शिरपूरहून पहिल्या गाडीनं निघाल्या होत्या. हातात एक कार्ड. बाकीची वाटून झाली आहेत.

बसा म्हटलं. बसल्या नाहीत. त्यांना वाचता येत नाही, पण नवऱ्याचं नाव ओळखता येतं, आबांनी खिळे मांडून शिकवलं होतं. त्यांनी कार्ड माझ्यासमोर ठेवलं, पहिल्या ओळीवर बोट फिरवलं आणि म्हणाल्या, नाना, यासनं नाव कोठे शे?

'आमचे पूज्य वडील कै. यांचे प्रथम पुण्यस्मरण.'

परत वाचलं. कै., मग मोकळी जागा, मग यांचे.

त्या म्हणाल्या, परका लोकेसना लगनमा नाव टाकं तुम्हीन. आते आपला घरना कार्डमा कसं भुली ग्यात?

मी कंपनीचं नाव घ्यायला तोंड उघडलं. सवयीनं पत्रातली वाक्यंही आठवली, व्यावसायिकांची उपेक्षा वगैरे. पण मशीननं काहीच चुकीचं केलं नव्हतं. त्यानं 'नक्की?' विचारलं होतं. 'नेहमीसाठी?' हेही विचारलं होतं.

इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. म्हटलं, अक्का, भुललो नाही. मीच पुसलं.

त्या रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. कार्ड उचलून पिशवीत ठेवलं आणि एवढंच विचारलं, कितला डाव?

किती वेळा पुसलं, ते मी अजून मोजतोय.