टाकीतील हवेबाबत

ती. सोजरबाईस शिरसाष्टांग नमस्कार.

मी, हरीओम नथ्थूजी गोटे, बी.कॉम., वाशिम येथील एका जिनिंगचा भांडारपाल आणि तुझा पाठचा भाऊ, हे पत्र गेल्या संक्रांतीच्या तिळांबाबत लिहीत आहे. (पाकिटावर माझे नाव मुद्दाम टाकलेले नाही, टाकले असते तर पत्र थेट चुलीत गेले असते.) तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला? फोनवरच विचारले असते, परंतु मी फोन केला की भाऊजी "ते वावरात गेली" असे सांगतात आणि मागून तुझा आवाज येतो, "अजून आली नाही म्हना."

तुला आठवत असेल, गुडघे शेकण्यासाठी तू आमच्या सोलरच्या गरम पाण्यावर महिनाभर राहण्यास आली होतीस. अकराव्या दिवशी तू गच्चीवर चादर पसरून धुतलेले तीळ वाळत घातलेस. भर दुपारी सोलरचा व्हॉल्व्ह फुरफुरला व कढत पाणी नेमके तिळांवर पडले. मी विचारले, "व्हॉल्व्हला कोणी हात लावला?" तू ओले तीळ तसेच पदरात बांधून रिसोडच्या जीपमध्ये बसलीस. रिठदला तुझ्या घरी पोहोचेपर्यंत त्यांना मोड आले असावेत.

आता मूळ मुद्दा. सोलरशेजारी दुधाच्या कॅनएवढी एक लाल टाकी आहे. तिच्या डोक्यावर, टोपणाखाली, मोटरसायकलच्या ट्यूबला असतो तसा वॉल आहे. कंपनीच्या पुस्तिकेत 'नियमित तपासणी करावी' असे स्पष्ट छापलेले असल्यामुळे मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यातील पिन दाबून पाहत असे. प्रत्येक वेळी फुस्स! टाकी म्हणजे पाणी, हे आपण लहानपणापासून जाणतो. टँकरची वाट पाहिलेल्या माणसाला टाकीत हवा सहन होत नाही. म्हणून मी ती काढत असे व वहीत तारीखवार नोंदवत असे: 'हवा काढली.' 'हवा काढली.' चौदाव्या महिन्यात फुस्स झाले नाही. मी लिहिले, 'टाकी निर्दोष.' पुढे त्या पिनेतून चक्क पाणी आले, तेव्हा तर मला कृतार्थ वाटले. (ही नोंद मी लाल शाईने अधोरेखित केली आहे.)

तरीही व्हॉल्व्ह रोज गळू लागला आणि नळ उघडताच पंप उचक्या देऊ लागला. शेवटी तुझ्या भावजयीने, राधिकाने, पोहरादेवीकडील फुलसिंग मिस्त्रींना बोलावले. त्यांनी पाणी बंद करून लाल टाकी सोडवली, उचलून पाहिली आणि तशीच खाली ठेवली.

"साहेब, हे तं बोकडावानी जड झाली. यातली हवा कोनं काडली?"

"मी," मी वही पुढे केली.

"काहून पन? अंदर रबरचा फुगा हाय. पानी तापलं का फुगते, मंग त्याले सरकाले जागा लागते. तेच जागा तुमी दर महिन्याले काडून राह्यले होते! फुगा फाटला ना बाप्पा, मंग पानी व्हॉल्व्हातून भाईर येनारच."

यावर राधिका म्हणाली, "यायले टाकीतली हवा खपत नाही, अन् डोक्यातली निंघत नाही." मिस्त्री इतके हसले की त्यांचा पाना खाली अंगणात पडला.

नवी टाकी बसली. पंप गप्प आहे, व्हॉल्व्ह कोरडा आहे, पाणी दुपारपर्यंत कढत राहते. गेले तीन दिवस मी त्याच व्हॉल्व्हखाली, त्याच चादरीवर, शेरभर तीळ वाळत घातले आहेत. एकही भिजला नाही. आज पहिला रविवार. सवयीने मी वर गेलो, तर टोपणावर राधिकाने चिकटपट्टी लावलेली आढळली.

भाऊजींना नमस्कार.

ता.क. वरील मजकुरात 'चूक माझीच' हे दोन शब्द लिहिण्याचे राहून गेले. ते 'व्हॉल्व्हला कोणी हात लावला?' या वाक्याच्या जागी वाचावेत.

दुसरा ता.क. या टाकीत हवा राहिली आहे की नाही हे अधूनमधून पाहायचे व कमी असल्यास भरायची, असे मिस्त्रींनी बजावले आहे. त्यासाठी भाऊजींचा पायाने मारायचा पंप हवा आहे. तो कोणाच्या हाती पाठवू नये. नाजूक वस्तू आहे. संक्रांतीच्या आधी तू स्वतः घेऊन यावेस. (असा पंप वाशिममध्ये चार दुकानांत मिळतो. मी चारही दुकाने पाहून आलो. तरी तुमचाच आणावा.)

ताज्या कलमांखालीही सही असावी, म्हणून येथे करतो.

तुझा,
हरीओम नथ्थूजी गोटे
वाशिम, दि. ५ जानेवारी २०२५