टेकडीवरची तेवीस झुडपं

४ मार्च
मेले एकदाचे! बेचाळिसावा अर्क. ज्या जंतूंना इस्पितळातली सगळी औषधं पचतात, त्यांच्या बशीत आज पानांच्या अर्काच्या थेंबाभोवती स्वच्छ गोल पडला — नखाएवढा. तीनदा मोजला.

५ मार्च
ही पानं खुडून देणाऱ्या मावशींना सांगायला टेकडी चढले. बेटावरच्या सगळ्यांच्या जखमा त्याच बांधतात. त्यांना काडीचं नवल नाही! "मग मी इतकी वर्षं काय गवत बांधत होते?"
झुडपं मोजली. तेवीस. या बेटाबाहेर कुठेच नाहीत.

९ मार्च
मुख्य कचेरीतून साहेबांचा फोन. "मूठभर पानांनी काय होणार? औषध वेगळं काढायचं तर सगळी झुडपं लागतील. मुळांसकट."
म्हटलं, सर, तेवीसच आहेत.
"आणि माणसं मरतायत त्यांचं काय, बाई?"
खरंच मरतायत.

१० मार्च
चैन नाही. जेवताजेवता उठले.

१३ मार्च
या खेपेला पानं स्वतः खुडली. कोवळी, हिरवीगार, एकेक निवडून. अर्क काढला — शून्य! गोलाचा पत्ता नाही. पुन्हा केलं. शून्य! साहेब म्हणतात, "तुमचंच काहीतरी चुकलं असणार. झुडपं उपटायला मी मजूर पाठवतोय."

१४ मार्च
तडक मावशींकडे. माझी पिशवी उघडून हसतच सुटल्या. "बाजारात मांडायचीत का ही? डाग पडलेली घ्यायची, पोरी!"
तपकिरी डाग. म्हणजे बुरशी! आणि मी मूर्ख तीच पानं टाकून देत होते. डागाचा कण काढून बशीत वाढत घातलाय. आता नुसती वाट बघायची — ते मला कुठे जमतं? दिवसभर खोलीत येरझाऱ्या.

१९ मार्च
गोल! नुसत्या बुरशीभोवती! पानाचा अंशही नाही. औषध झाड बनवतच नाही, ही बनवते — आणि ही बशीत हवी तेवढी वाढते. झुडपांना हात लावायलाच नको! ओरडतच साहेबांना फोन लावला.
"वा," म्हणाले. मग, "पण मजूर तर सकाळीच वर गेले."
मी तशीच टेकडीकडे निघाले.

२० मार्च
सात उरली. मजुरांना अडवायला मावशी त्या सातांपुढे आडव्या पडल्या होत्या.